हजेरीपटावरील समावेश

गेल्या पावसाळ्यात सातपूरच्या एका वाचनालयाच्या वर्धापनदिनास आम्हास बोलावणे होते. विषय 'शिक्षण आणि समाज' असा ऐसपैस ठेवलेला होता. अशा विषयावर कोणीही काहीही बोलू शकतो, आणि बोलतोही. आमच्या आधी जे गृहस्थ बोलावयास उभे राहिले ते सुविद्य होते, त्यांची वाणी रसाळ होती, आणि सभेचा कल ओळखण्याची कला त्यांस उत्तम साधली होती. बोलता बोलता अपंग मुलांच्या शिक्षणाची गोष्ट निघाली. तेव्हा ते म्हणाले की, या मुलांना निराळा शिक्षक हवा, त्याची निराळी पदवी हवी, हे सारे अलीकडचे थोतांड आहे. त्यांना हवी आहे ती फक्त माया. आणि ज्याच्या अंतःकरणात माया आहे तो प्रत्येक शिक्षक विशेष शिक्षकच होय. टाळ्यांचा कडकडाट झाला. खोटे कशास सांगावे, दोन टाळ्या आम्हीही वाजविल्या.

सभा संपल्यावर चहाच्या वेळी एक चाळिशीतला गृहस्थ आमच्याजवळ आला. तो कारखान्यात टर्नर होता आणि पहिल्या पाळीवरून परस्पर सभेस आला होता. 'सर,' तो म्हणाला, 'माया आमच्या घरी पुष्कळ आहे. शाळेत शिकवणारा पाहिजे.' त्याचा नऊ वर्षांचा मुलगा बौद्धिक अक्षमता असलेला आहे आणि जवळच्याच एका शाळेच्या हजेरीपटावर त्याचे नाव आहे, हे आम्हास मागाहून कळले. प्रस्तुत लेख आमच्या त्या दोन टाळ्यांचे प्रायश्चित्त समजावे.

सातपूर हे मूळचे नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाणाऱ्या रस्त्यावरचे एक खेडे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि पुढे या बाजूच्या माळरानावर कारखान्यांची वसाहत उभी राहिली. मायको आणि महिंद्र यांची नावे तर येथील रिक्षावालाही पत्ता सांगताना घेतो. त्र्यंबक रस्त्यावरच सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथे टर्नर होऊ पाहणाऱ्या मुलाकडून दोन वर्षे काम गिरवून घेतात, परीक्षा घेतात, आणि मग तो कारखान्यात उमेदवार म्हणून उभा राहतो. 'माझे यंत्रावर फार प्रेम आहे' एवढ्या भांडवलावर त्याला कोणी लेथला हात लावू देत नाही. लोखंडाच्या तुकड्यास जो मान आपण देतो तो मुलाच्या बुद्धीस द्यावयास हरकत नसावी.

याच सातपुरात 'नॅब' या नावाने सर्वत्र ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय अंधजन संस्थेच्या महाराष्ट्र शाखेचे आवार आहे. ज्यांस विशेष शिक्षण हे थोतांड वाटते त्यांनी अंधांच्या लिपीचा पहिला धडा तरी समजून घ्यावा. डोळसास ब्रेल ही टिंबांची रांगोळी वाटते. सहा टिंबांच्या त्रेसष्ट जुळण्या आहेत. पाटीवर टोचणीने त्या उजवीकडून डावीकडे टोचावयाच्या, आणि कागद उलटून बोटाने डावीकडून उजवीकडे वाचावयाच्या. म्हणजे लिहिताना प्रत्येक अक्षराची आरशातील आकृती मनात धरावी लागते. आपल्या देशातील भाषांकरिता १९५१ साली एकच भारती ब्रेल ठरली. तीत एक मौज आहे. आपण 'कि' लिहितो तेव्हा वेलांटी आधी काढतो आणि उच्चारतो मागून. ब्रेलमध्ये क आधी येतो आणि इकार त्याच्या मागून, अगदी जीभ बोलते त्या क्रमाने. त्यामुळे पहिलीतल्या डोळस मुलास जी अडचण येते ती अंध मुलास येत नाही. त्याच्या अडचणी वेगळ्या असतात, आणि त्या डोळस शिक्षकाच्या स्वप्नातही येत नाहीत. माया कितीही असली तरी ती टोचणी कशी धरावी हे सांगत नाही.

वेलांटीचा विषय निघालाच आहे तर तो पुरा करू. २००७ साली 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द आपल्या घरोघरी गेला. ज्याच्या त्याच्या तोंडी इंग्रजी बी आणि डी यांची अदलाबदल झाली. परंतु मराठी शाळेतल्या मुलाचा घात बी आणि डी करीत नाहीत. तो करते उच्चारामागून येणारी आणि लिहिताना पुढे बसणारी वेलांटी. तो करतो ज्या अक्षरापूर्वी उच्चारावयाचा त्याच्याच डोक्यावर जाऊन बसणारा रफार. तो करतात घ आणि ध, भ आणि म, आणि एकाच्या पोटात दुसरे शिरलेली जोडाक्षरे. 'सूर्य' हा शब्द लिहिताना मुलास किती ठिकाणी उलटसुलट जावे लागते हे वाचकांनी एकदा स्वतःच्या हाताने, सावकाश, पाहावे. अशा मुलाची परीक्षा इंग्रजी शब्दांच्या यादीवर घेऊन त्यास मठ्ठ ठरविण्याचा प्रकार आपण फार वर्षे चालविला. २०१५ साली राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'दाली' नावाची चाचणी तयार केली आणि तीत हिंदी, कानडी यांच्याबरोबर मराठीही आली, ही समाधानाची गोष्ट होय. मात्र चाचणी आपली आपण चालत नाही. ती घेणारा, तिचा अर्थ लावणारा आणि मुख्य म्हणजे त्यानंतर त्या मुलास रोज अर्धा तास घेऊन बसणारा मनुष्य हवा. साधन आले, हात कोठे आहेत?

आमचा स्वतःचा एक अपराध येथे नमूद करणे प्राप्त आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी आमच्या इंग्रजी काव्याच्या वर्गात एक विद्यार्थी होता. त्यास फार कमी ऐकू येई. आम्ही त्यास पहिल्या बाकावर बसविले, मायेने वागविले, आणि त्या मायेच्या भरात चार गुण अधिकही दिले असतील. दोन वर्षांनी निरोपसमारंभाच्या दिवशी त्याने आम्हास सांगितले की, तो ओठ वाचीत असे. आणि आम्ही फळ्यावर लिहिता लिहिता फळ्याकडे तोंड करून बोलत असल्यामुळे प्रत्येक तासाचा निम्मा भाग त्यास बुडालेलाच असे. त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. हेच आम्हास अधिक लागले. विशेष शिक्षणाचे दोन शब्द जाणणारा कोणीही पाच मिनिटांत आम्हास सांगता, 'आधी लिहा, मग वळून बोला.' आमच्या महाविद्यालयात असा कोणी नव्हता, आणि तो असावयास हवा हे आमच्या स्वप्नीही नव्हते.

आता कायद्याकडे वळू. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ साली झाला. त्या कायद्याने विशेष शिक्षकाचे नाव परिषदेच्या नोंदवहीत असणे आवश्यक केले, आणि नोंदणीवाचून हा व्यवसाय करणारास एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. तेव्हा केवळ मायेच्या बळावर विशेष शिक्षक म्हणून मिरवणारा गृहस्थ सातपूरच्या सभेत टाळ्या मिळवील. न्यायालयात त्यास निराळे काही मिळेल. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. २०१५ च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचविला; महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात त्याच नावाचा स्वतंत्र कल्याण विभाग उघडला. आम्ही जुन्या वळणाचे असलो तरी नव्या शब्दास आमची ना नाही. फक्त एवढेच लक्षात येते की, शब्द बदलावयास पगार द्यावा लागत नाही.

पगाराचा प्रश्न आला की आपले औदार्य आखडते, आणि आमच्या वादाचा खरा विषय हाच आहे. सर्वसाधारण शाळेत अशा मुलांस घेण्याची योजना केंद्र सरकारने १९७४ साली आखली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळेचे दार उघडले, आणि २०१६ च्या कायद्याने ठरावीक प्रमाणाबाहेर अपंगत्व असलेल्या मुलास अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. मुले हजेरीपटावर आली. शिकविणारे मात्र वर्षानुवर्षे करारावर, मानधनावर, आज आहेत आणि मार्चनंतर असतील की नसतील अशा अवस्थेत राहिले. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. रजनीश कुमार पांडे यांच्या याचिकेत न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्राथमिक शाळेत अशा दहा मुलांमागे एक आणि त्यावरील वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण धरण्यास सांगितले. सव्वातीन वर्षे उलटून गेल्यावर, ७ मार्च २०२५ रोजी, त्याच न्यायालयास राज्यांना पुन्हा बजावावे लागले की, पदांची संख्या ठरवून जाहीर करा आणि पात्र शिक्षकच नेमा. न्यायालयास एक गोष्ट दोनदा सांगावी लागते तेव्हा पहिल्या खेपेस ती कोणी ऐकली नव्हती, असाच अर्थ होतो.

महाराष्ट्राने या बाबतीत अगदीच हात बांधून घेतले होते असे आम्ही म्हणणार नाही. २०२४ च्या सप्टेंबरअखेर राज्य मंत्रिमंडळाने चार हजार आठशे साठ विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. संख्या भारदस्त आहे आणि वर्तमानपत्रांनी ती ठळक छापली. परंतु ही संख्या आली कोठून? राज्यात शाळांची जेवढी केंद्रे तेवढी ही पदे. एका केंद्रास एक शिक्षक. म्हणजे मोजली गेली ती केंद्रे. मुले मोजली गेली नाहीत. न्यायालय म्हणते दहा मुलांमागे एक, शासन म्हणते एका केंद्रामागे एक, आणि हे दोन हिशेब एकच आहेत असा बहाणा दोन्हीकडचे कागद करतात.

वाचकांनी आमच्याबरोबर थोडे त्रैराशिक मांडावे. एका केंद्रात दहा शाळा धरा, आणि प्रत्येक शाळेत अशी तीनच मुले धरा. शिक्षक रोज एका शाळेत गेला, पाऊस आडवा आला नाही, एसटी चुकली नाही, आणि वरिष्ठांनी माहिती भरावयास तालुक्यास बोलाविले नाही, तर प्रत्येक मुलाच्या वाट्यास तो पंधरवड्यातून एकदा येईल. त्या दिवशी तिघांत वेळ वाटून द्यावयाचा. बरे, ती तीन मुले तरी एकाच जातीच्या अडचणीची असतात काय? एक बहिरा, एक अंध, एक मंदगती. विशेष शिक्षणाची पदवी मात्र एकेका शाखेची असते: कोणी श्रवणदोषाची घेतलेली, कोणी दृष्टिदोषाची, कोणी बौद्धिक अक्षमतेची. हाडांच्या डॉक्टराकडून कोणी मोतीबिंदू काढून घेत नाही. येथे मात्र बहिऱ्यांच्या शिक्षकाने अंधास ब्रेल शिकवावी, अशी आपली रास्त अपेक्षा असते. यावर शाळेतील इतर शिक्षकांस थोडे प्रशिक्षण देऊ असे उत्तर मिळते. अवश्य द्यावे; आम्हास कोणी दिले असते तर तो विद्यार्थी निम्मे काव्य मुकला नसता. परंतु चार दिवसांच्या वर्गाने परिचारिका शल्यविशारद होत नाही.

'पंचतंत्रा'ची कथा आपण मुलांना सांगतो, पण तिचे पहिले पान वाचावयाचे विसरतो. महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजास तीन पुत्र होते, तिघेही शास्त्रास विन्मुख. आजच्या भाषेत बोलावयाचे तर शाळेत न चालणारे. राजाने काय केले? त्यांस इतर मुलांच्या ओळीत नेऊन बसविले नाही, आणि 'माया करा म्हणजे झाले' असेही म्हटले नाही. त्याने विष्णुशर्मा शोधून काढला. त्या ऐंशी वर्षांच्या पंडिताने व्याकरणाचे पोथे बाजूस ठेवून कोल्हे, कावळे आणि कासवे पुढे आणली, म्हणजे मुले होती तशीच ठेवून पाठ बदलला. आणि सहा महिन्यांची मुदत स्वतःहून घालून घेतली. तीन विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, हे प्रमाणही ध्यानात घेण्याजोगे आहे. शंभर गावांचे दान त्याने नाकारले आणि आपण विद्या विकीत नाही असे बाणेदारपणे सांगितले, ही गोष्ट मात्र आमच्या अर्थखात्यास मनापासून आवडत असावी.

या कार्याचा आपल्याकडील इतिहास पाहिला तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मुंबईस बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा १८८५ च्या सुमारास निघाली ती मिशनऱ्यांच्या हातून. दादरची अंधशाळा १९०० साली निघाली तीही तशीच. १९४४ साली मुंबईच्या जय वकील यांनी मंदबुद्धी मुलांकरिता शाळा काढली ती स्वतःच्या मुलीपासून आरंभ करून. पुण्यास सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली 'कामायनी' स्थापन केली. आमच्या नाशकात १९७७ साली रजनीताई लिमये यांनी 'प्रबोधिनी'ची शाळा काढली. त्याही अशाच एका मुलाच्या माता होत्या. ही सारी माणसे वंद्य होत. रजनीताई २०१८ साली गेल्या तेव्हा नाशिक हळहळले, आणि ती हळहळ खरी होती. परंतु या पूज्यभावाखाली आपण एक सोयीस्कर समजूत दडवून ठेवली आहे. ज्याच्या घरास आग लागली त्यानेच बंब बांधावा, इतरांनी पुढे त्याच्या बंबास हार घालावा! जय वकील किंवा रजनीताई प्रत्येक आईस होता येत नाही. सातपूरच्या वसाहतीतील जी बाई सकाळी आठ वाजता पॅकिंगच्या कामावर जाते तिने मुलाकरिता शाळा काढावी, अशी अपेक्षा कोणी करू नये.

आमच्या वाचकांतील कित्येकांची मुले इंग्रजी शाळांत जातात, म्हणून एक गोष्ट स्पष्टच लिहितो. केंद्रीय माध्यमिक मंडळाने २०१५ साली आपल्या शाळांस विशेष शिक्षक ठेवण्याची सक्ती केली. तरीही अशा मुलाच्या आईबापांस 'शॅडो टीचर' स्वखर्चाने आणावयास सांगण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ज्याच्याजवळ पैसा आहे तो आपल्या मुलामागे एक भाड्याची सावली ठेवतो; ज्याच्याजवळ नाही त्याच्या मुलास स्वतःच्या सावलीखेरीज सोबत नाही. आणि उरलेले आपण, ज्यांची मुले चटचट पाढे म्हणतात, पालकसभेत हळूच विचारतो की 'त्या मुला'मुळे वर्गाचा अभ्यास मागे तर पडत नाही ना? हा प्रश्न आम्ही आमच्या परिचयाच्या, चांगल्या वाचलेल्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. वर्ग मागे पडतो तो त्या मुलामुळे की त्याला शिकविणारा नेमला नाही त्यामुळे, हे त्यांस कोणी विचारीत नाही.

आणखी दोन आक्षेपांचा परामर्श घेतो. कोणी म्हणतात, जेथे साध्या मुलांसच शिक्षक पुरत नाहीत तेथे हा विलास कशास? अशाच स्वरात एके काळी, आधी मुलगे तर शिकू द्या, मुलींचे मागाहून पाहू, असे म्हणत असत. पुण्यात १८४८ साली ज्यांनी ते मानले नाही त्यांच्यामुळे आज आमच्या वर्गात मुली बसतात. दुसरा आक्षेप विद्वानांचा आहे: स्वतंत्र शाळा बऱ्या की समावेशक? यावर परिसंवाद होतात, आणि तेथील चहा चांगला असतो. आमचे मत विचाराल तर, मूल शेजारच्या मुलांबरोबर शिकले तर उत्तम; परंतु समावेशाच्या नावाखाली स्वतंत्र शाळांचे अनुदान आखडावयाचे आणि साध्या शाळेत शिक्षकही द्यावयाचा नाही, ही तत्त्वचर्चा नव्हे, ही काटकसर आहे. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलास घरी शिकविण्याची मुभा कायद्यात २०१२ सालच्या दुरुस्तीने आली. शिक्षक घरी येत नसेल तर 'घरी शिकणे' आणि 'घरी ठेवणे' यांत फरक एका क्रियापदाचाच उरतो.

सभेनंतर महिन्याभराने आम्ही त्या टर्नर गृहस्थाच्या घरी गेलो. दोन खोल्यांचे घर, भिंतीवर दिनदर्शिका. मुलगा दारात बसून सदऱ्याच्या बटणाशी खेळत होता. बापाने आम्हास त्याचा इतिहास सांगितला. शाळेत एक फिरत्या शिक्षिका येतात. त्यांनी मागे एकदा बटण लावण्यास शिकविण्याची रीत दाखविली होती. आपण सारे आरंभापासून शिकवू जातो, आणि मूल पहिल्याच पायरीवर अडून कंटाळते. त्यांनी उलटीकडून आरंभ केला. बटण काजात जवळजवळ पुरते घालून द्यावयाचे आणि शेवटचे ओढणे तेवढे मुलाने करावयाचे. म्हणजे दरवेळी काम त्याच्या हातून पुरे होते. ते साधले की शेवटच्या दोन क्रिया त्याच्याकडे द्यावयाच्या, मग तीन. बाप हे सांगताना हातांनी हवेत बटण लावून दाखवीत होता. 'आमच्याकडे नवीन पोराला असंच शिकवतात, सर. आधी नुसतं शेवटचं फिनिशिंग त्याच्या हातून करून घ्यायचं. म्हणून मला लगेच कळलं. पण पुढचं काय शिकवायचं ते मला येत नाही.'

मुलाने आमच्यासमोर एक बटण लावले. काज त्याला अजून शोधून द्यावे लागत होते. दुसरे लावावयास त्यास पुष्कळ वेळ लागला. आम्ही कोणी बोललो नाही. शिक्षिका गेल्या दोन खेपा आल्या नव्हत्या. त्यांस दुसऱ्या कामास लावले होते असे शाळेत कळले होते. येत्या गुरुवारी येणार, असा निरोप होता. दिनदर्शिकेवर त्या गुरुवाराभोवती पेन्सिलीने वर्तुळ केलेले होते, आणि त्या दिवशी शाळेत हजर राहता यावे म्हणून बापाने दुसऱ्या पाळीवरच्या सोबत्याशी पाळी बदलून घेतली होती. आधीच्या दोन गुरुवारांभोवतीही तसलीच वर्तुळे होती.